परबांचं इंग्रजी गाऱ्हाणं

विक्रोळीच्या भाऊराव परबांनी सदुसष्टाव्या वर्षी 'रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द' हा वर्ग लावला, तो देवासाठी. बाकीचे विद्यार्थी नोकरीसाठी आले होते; त्यांचं काम त्या मानाने सोपं.

घरच्या गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायचं काम भाऊरावांचं. एकेकासाठी देवाकडे मागायचं आणि प्रत्येक मागण्यावर मागच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हा होकार मिळाला नाही तर मागणं पोचत नाही, असं परब मानतात. गणपती आता मुलाच्या, देवेशच्या, मुलुंडच्या फ्लॅटमध्ये बसतो. गेल्या वर्षी अकरा वर्षांची नात दिशा आईला म्हणाली, "आजोबा गॉडवर ओरडतात का?" भाऊरावांनी ते ऐकलं. आपल्यामागे गाऱ्हाणं चालवलं तर हीच चालवेल, देवेशला त्यात गोडी नाही आणि दुसरं कोणी उरलेलं नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"देवाक इंग्रजी कळता काय?" बायकोने, शेवंतीने, विचारलं.

"देवाचा मी बघतंय. दिशाक कळाक होया."

घाटकोपरच्या वर्गात श्वेता मॅडम आधी अर्थ सांगत, मग वापर. भाऊरावांनी 'सांभाळ कर' विचारलं.

"टेक केअर. फोन ठेवताना म्हणतात, काका."

'क्षमा कर'?

"सॉरी. लिफ्टमध्ये धक्का लागला की."

'आशीर्वाद दे'?

"ब्लेस यू. समोरचा शिंकला की."

भाऊरावांना हवे असलेले सगळे शब्द इंग्रजीत आधीच किरकोळ कामांना लागलेले होते. तरी त्यांनी ते पाठ केले. जन्मभर कारखान्यात मशीन चालवलेला माणूस. मिळेल तो पार्ट बसवायची सवय.

चतुर्थीला त्यांनी हात जोडले, डोळे मिटले.

"गॉड गणपती, प्लीज टेक केअर ऑफ देवेश." ते थांबले. मागे शांतता. "वी मेक मिस्टेक्स. सॉरी." पुन्हा थांबले.

एरवी शेवंती आणि धाकटा भाऊ लवू यांच्या आवाजाने खोली दणाणायची. आज दोघं नुसते त्यांच्या पाठीकडे बघत उभे. होकार कुठे द्यायचा, तेच कळेना. देवेशला कळत होतं, पण ऑफिसचे लोक आले होते, त्याला लाज वाटली. दिशाला तर सगळंच कळलं. तिने टाळ्या वाजवल्या. "व्हेरी गुड, आजोबा!"

पाहुण्यांनीही वाजवल्या.

"दादा, आता आपला गाऱ्हाणा घाल," लवू हळूच म्हणाला.

भाऊरावांनी परत हात जोडले. "बा देवा म्हाराजा..."

"बाबा, आत्ताच झालं ना!" म्हणत देवेशने स्पीकरवर आरती लावली. भाऊरावांचे ओठ थोडा वेळ हलत राहिले.

परतताना बसमध्ये शेवंतीने विचारलं, "काय मागितलात ओ?"

"काय नाय," भाऊराव म्हणाले, आणि ते खरंच होतं.