मास्तरांना दिसलेली शेळी

जुने, खराब झालेले फोटो दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानात खिडकीजवळची खुर्ची मास्तरांची होती. सगळ्यात वाईट फोटो तिथे जायचा. मास्तरांचा जन्म चेहरे सुधारण्यात गेला होता. मालकाने हाताखाली एक नवी बाई दिली, तेव्हा मास्तरांनी तिला कोपऱ्यातलं टेबल दाखवलं आणि नाकडोळे गिरवायला बसवलं. ती शेळ्या पाळणाऱ्या घरातली. तिची कसली धास्ती?

मग ओल लागलेला एक फोटो आला. अंगणात बसलेली म्हातारी आणि शेजारी नुसते काळेपांढरे डाग. मास्तरांना डागांत दाढीवाला माणूस दिसला. आठवडाभर खपून त्यांनी तो उभा केला.

गिऱ्हाइकाचा चेहरा पडला. "हा कोण? आई तर एकटीच राहायची."

नवी बाई उठून आली आणि तिने मूळ फोटो पाहिला. "दाढी आहे खरी, पण शेळीची. मान वळवून पिल्लाला चाटतेय."

गिऱ्हाईक हसलं. त्याला शेळी आठवली. आता मास्तरांनाही ती दिसली आणि पुन्हा त्यांचा माणूस काही केल्या सापडेना. हेच जास्त झोंबलं. मालकाने फोटो कोपऱ्यातल्या टेबलावर नेऊन ठेवला.

त्या दिवसापासून मास्तरांना तिचा ब्रश जास्तच ओला वाटू लागला, बोलणं मोठं वाटू लागलं. घरी जेवताना तोच विषय. शेवटी बायको म्हणाली, "जन्मात कधी शेळी पाळलीत का? मग दिसणार कुठून?" मास्तर अर्ध्या ताटावरून उठले.

पुढे काही महिन्यांनी दुसरं गिऱ्हाईक तसाच डागाळलेला फोटो घेऊन आलं, तेव्हा तिने हात लावायच्या आत मास्तरांनी तो ओढून घेतला. "शेळी," ते म्हणाले.

तिने त्यांच्या खांद्यावरून बराच वेळ पाहिलं. इतके महिने चेहरेच गिरवले होते तिने. "मास्तर, मला तर माणूस दिसतोय. टोपीवाला."

"आमचे आजोबा," गिऱ्हाईक म्हणालं.

मालकाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीजवळच्या खुर्चीकडे. मास्तर जागचे हलले नाहीत. त्यांनी फोटो आणखी जवळ ओढला.

"नाक माझ्याशिवाय कोणाला जमणार नाही," ते म्हणाले. "तिने नुसतं कुठे आहे ते सांगावं. तिच्या टेबलावरून."