सिगरेट सुटली, तोंड सुटलं

रविवारी आम्ही दोघं माझ्या माहेरी, कोरगावला गेलो होतो. काजूचा हंगाम, डोंगरावर बोंडू पडून सडतायत आणि बाबा एकटेच वेचत बसलेत, असा भावाचा फोन आला होता... पण त्या दिवशी काय झालं ते सांगायचं तर आधी आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. सांगताना चिडचिड झाली तर सांभाळून घ्या.

ह्यांनी सिगरेट सोडलीय. खाणीवर टिपर चालवायचे तेव्हापासूनची सवय. खाणी बंद पडल्या, टिपर गेला, सिगरेट मात्र राहिली. आता मोपाच्या विमानतळावर टॅक्सी लावतात. पावसाळ्यात एक बाई लहान बाळाला घेऊन टॅक्सीत बसायला आली... दार उघडलं, आतला वास घेतला आणि सरळ मागच्या गाडीत जाऊन बसली. हे संध्याकाळभर त्या बाईवर चिडले होते. दुसऱ्या दिवसापासून बंद.

मी देवाला नारळ ठेवला. मला काय माहीत पुढे काय वाढून ठेवलंय...

पहिले काही आठवडे घरात मिक्सर लावायची सोय नव्हती. ह्यांना आवाज सहन व्हायचा नाही. सकाळी पोदेर पाव देऊन गेला की माझा चहा उकळेपर्यंत अर्धी पिशवी रिकामी. बडीशेप, खाजं, शेंगदाणे... तोंड सतत चालू. पँटी घट्ट झाल्या तर म्हणे तू धुताना आटवल्यास.

मग नाक आलं. इतकी वर्षं ज्या माणसाला दूध करपलेलं कळत नव्हतं, तो आता फ्रीज उघडून उभा राहतो. माशाच्या हुमणात तिरफळं जुनी घातलीस का? हा टॉवेल नीट वाळला नव्हता का? एकदा तर म्हणाले, "पडद्यांना कसला गो हा घाणेरडा वास?"

"तुमचाच," मी म्हटलं. सगळे पडदे मीच धुतले, हेही सांगून ठेवते.

आणि आता भाषणं. लग्नात जेवणाच्या पंगतीत, पेट्रोल पंपावर, टॅक्सीतल्या बिचाऱ्या प्रवाशांना... कुणाच्या खिशात पाकीट दिसलं की सुरू. नातेवाईक आम्हाला बघून वाट बदलतात. जिच्यासमोर हा माणूस वर्षानुवर्षं धूर सोडत बसला, त्या मलासुद्धा सिगरेटचे दुष्परिणाम समजावून सांगतात!

तर रविवार. बाबा, माझा धाकटा भाऊ उमेश आणि आम्ही दोघं डोंगरावर बोंडू वेचत होतो. वाळक्या पानांवरून बाबांचा पाय सटकला आणि ते टोपलीसकट खाली गेले. मी धावले तेव्हा ते बसूनच होते. "माका काय जावंक ना," म्हणत होते, पण घोटा बघता बघता सुजला. पाऊल टेकवता येईना.

गाडी डोंगराच्या पायथ्याशी. खाली जायला फक्त पायवाट, तीही तीव्र उताराची. उमेशने बाबांना पाठीवर घेतलं. तो माझ्याहून लहान, दिसायला धडधाकट... पण पहिलं वळण येईपर्यंतच त्याचा चेहरा राखेसारखा झाला. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. बाबांना खाली ठेवून तो दगडावर बसला, बोलताही येईना त्याला. तोही ओढतो, रोज पाकीटभर.

ह्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि बाबांना पाठीवर घेतलं. गेल्या वर्षी देवळाच्या पायऱ्या चढताना हेच मधे दोनदा खांबाला धरून उभे राहिले होते. आता एकाऐवजी दोघांना उचलायची वेळ येणार... बाबांची चप्पल हातात घेऊन मी मागून "सावकाश, सावकाश" करत चालले होते.

आणि ह्यांचं भाषण सुरू. तेही तिथे! "बघ उमेश, तुझं वय काय, माझं काय. मी पण असाच धापा टाकायचो. सोडलीस ना, तर आधी खोकला वाढतो, घाबरायचं नाही..."

मला इतका राग आला. म्हाताऱ्याचा पाय मोडलाय, पाठीवर ओझं आहे, आणि ह्यांना आत्ताच सुचतंय... गप्प बसा म्हणायला मी तोंड उघडलं आणि तशीच थांबले.

हे बोलत होते. बाबांना पाठीवर घेऊन उतरत होते आणि न थांबता बोलत होते. घाम होता, पण धाप नव्हती. मागे उमेश रिकाम्या हातांनी चालतानाही धापा टाकत होता.

बाबाच शेवटी म्हणाले, "जांवयांनू, पाय मोडलो हा माझो, कान नाय. जरा हळू बोला."

ह्यांनी आवाज कमी केला. थांबवला नाही.

एक्स-रेमध्ये हाड थोडं चिरलेलं निघालं. प्लास्टर आहे, बाबा ठीक आहेत, घरात बसून सगळ्यांना कामं सांगतायत.

परवा संध्याकाळी उमेशचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, मग हळूच म्हणाला, "ताई, भावजींनी कशी सोडली गो? पहिले दिवस कसे काढले?"

मी म्हटलं, "ते तुला स्वतःच सांगतील, तासभर सांगतील. आधी सुजाताकडे फोन दे."

त्याच्या बायकोला मी सगळं सांगितलं. पाव जास्त घे, मिक्सर तो बाहेर गेला की लाव, उलट बोलला तर मनावर घेऊ नकोस. ती बिचारी घाबरली. म्हणाली, "मग पुढे तरी त्रास कमी होतो ना, ताई?"

खोटं कशाला बोलू... म्हटलं, नाही होत. पण त्रास द्यायला माणूस धडधाकट राहतो.