तळाशी टपून बसलेला

संग्रहालयासाठी प्राण्यांच्या प्रतिकृती घडवणाऱ्या कारागिराने हत्तीपुढेही कधी हार मानली नव्हती. पण खोल समुद्राच्या तळावरच्या एका शिकारी माशाने त्याला घाम फोडला. तोंड सरड्याचं, दात सुयांसारखे आणि उद्योग एवढाच, की चिखलावर पडून राहायचं आणि जवळून कुणी गेलं की गट्टम करायचं. दोन प्रतिकृती मत्स्यतज्ज्ञ बाईंनी परत पाठवल्या होत्या.

"अहो, हा मेलेला दिसतोय. पडलेला हवा, पण टपलेला! आता जमलं नाही, तर काम दुसऱ्याला देईन."

कारागीर तोंड पाडून घरी आला. कोचावर मेहुणा, म्हणजे गुंड्या, आडवा झाला होता. चार दिवसांसाठी आलेल्या गुंड्याला आता सातवा महिना लागला होता. तेवढ्यात स्वयंपाकघरात ताट वाजलं. गुंड्या जागचा हलला नाही. फक्त कोपरं गादीत रुतली, मान बोटभर वर झाली आणि डोळे दाराला चिकटले.

"भावोजी, असे काय बघताय?"

"हलू नकोस," म्हणत कारागिराने वही काढली.

तिसरा मासा पोटाखालच्या परांवर रेलून, मान बोटभर उचलून बसला. बाईंनी एका नजरेत पसंत केला.

प्रदर्शनाच्या दिवशी बायको काचेसमोर थबकली. "अहो, हा तर आपला गुंड्या! त्याला कळलं म्हणजे?"

गुंड्या मागूनच आला आणि बराच वेळ माशाकडे बघत राहिला.

"भावोजी, अगदी जिवंत वाटतो हो. पण याला कामधंदा काही नाही का?"