दिवलीच्या नावाचं पुस्तक

केळीचा भाव व्यापारी बांधावर येऊन बोलतो, पटलं नाही तर भांडता तरी येतं. पुस्तकाचा भाव मात्र आपणच ठरवायचा आणि गिऱ्हाईक डोळ्यांना दिसतही नाही, हे लोणखेड्याच्या प्रतिभाबाईंना काही केल्या पचनी पडेना. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना पाढे शिकवलेल्या बाई. निवृत्तीनंतर त्यांनी चार वह्या भरून लिहिलं, ते पुस्तक सुनेनं, काजलनं, टाइप करून ऑनलाइन दुकानात चढवलं. पहिला भाव एकशे नव्व्याण्णव.

महिनाभरात दोन प्रती गेल्या, त्याही भाचरांनी घेतलेल्या.

"आई, नवीन लेखिकानं पुस्तक दोनशेले कोन लेई? नव्व्याण्णव ठेवा," काजल म्हणाली. नव्व्याण्णव झाले, मग एकोणपन्नास. काजलनं मुखपृष्ठ बदललं, व्हॉट्सअॅपच्या सतरा ग्रुपवर लिंक टाकली, शेवटी पाच दिवस पुस्तक चकटफू ठेवलं. तीनशे बारा जणांनी ते उतरवून घेतलं. अकरा जणांनी अभिप्राय लिहिला, चांगले तारेही दिले. काजल हरखून गेली. प्रतिभाबाईंनी मात्र अकराही नावं चष्मा पुसून पुसून वाचली आणि फोन परत दिला.

त्यांना तीनशे बारा नको होते. एक हवी होती. पुस्तक लिहिलंच मुळी तिच्यासाठी.

ती म्हणजे तापी. माहेरची शेजारीण. दोघी नदीच्या वाळूतल्या डांगरवाडीत, म्हणजे खरबुजांच्या मळ्यात, राखणीला बसायच्या, खरबूज गुडघ्यावर फोडायच्या आणि मोठा अर्धा कोणाचा यावरून रोज भांडायच्या. सतराव्या वर्षी तापीचं लग्न गुजरातेत झालं. पुढे तिच्या बापानं शेत विकून गाव सोडलं आणि तापीचा पत्ता कायमचा तुटला. पंचेचाळीस वर्षं झाली. प्रतिभाबाईंना दोन मुलं झाली, नातवंडं झाली, पण तापीशी बोलायच्या तसं मोकळं बोलणं पुन्हा कोणाशी झालं नाही. मोबाइल आला तेव्हा त्यांनी तिला त्यातही शोधलं. पण सासरी तिचं नाव काय ठेवलं असेल, कोणास ठाऊक. आता पुस्तक जगभर दिसतं म्हणतात. कधीतरी तिच्या नजरेस पडेल, एवढीच आस.

अशात एका सकाळी माहेरहून चुलतभाऊ शांतीलाल यांचा थट्टेच्या सुरात फोन आला.

"मन्हा नातूनी मोबाइलमा दखाडं. पुस्तक झकास शे, पन हाई प्रतिभा कोन शे, बहीण? आमी तं दिवलीले वळखतस."

दिवली हे प्रतिभाबाईंचं माहेरचं नाव. लग्नाच्या मांडवात तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीनं नवऱ्यानं 'प्रतिभा' लिहिलं, त्या दिवशी दिवली संपली होती. तापी आधीच सासरी गेलेली. प्रतिभा नावाची बाई तिनं जन्मात ऐकली नव्हती! तिचं बदललेलं नाव शोधता शोधता डोळे दुखले, आणि स्वतःचंही बदललंय हे बाई साफ विसरल्या. भाव खाली-वर केला, चित्र बदललं, आणि दारावर पाटी मात्र परक्या बाईची.

काजलनं चौकशी केली. एकदा चढवलेल्या पुस्तकावर लेखिका बदलता येत नव्हती. जुनं काढून नवं चढवावं लागणार, अकरा अभिप्राय पुसले जाणार.

"जाऊ दे ते तारा," बाई म्हणाल्या. "त्यामा एक बी तापीना नही."

नव्या पुस्तकावर 'दिवली' एवढंच नाव आलं, खाली माहेरच्या गावाचं. दुकानात पुस्तकाची माहिती लिहायला जी जागा असते, तिथे काजलनं वाचकाला ओढून घेणारी चार वाक्यं तयार ठेवली होती. बाईंनी ती खोडली आणि आपली एक ओळ लिहायला लावली : तापी, डांगर फोडी ठेयेल शे. मोठा अर्धा तुन्हा.

भाव पुन्हा एकशे नव्व्याण्णव.

दीड महिना काही नाही. मग एका दुपारी काजल फोन नाचवत ओट्यावर आली. एक प्रत गेली होती, पूर्ण भावात. भाचरांना विचारलं, त्यांनी घेतलेली नव्हती. कोणी घेतली, कुठल्या गावाला, ते दुकान सांगत नाही. प्रतिभाबाईंनी तो एकचा आकडा कितीतरी वेळ बघितला. डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"आई, आता दिवाळीले पाच दिन फुकट ठेवूत. मांगलावानी तीनशे जातीन," काजल उत्साहानं म्हणाली.

"नको बेटा," बाई म्हणाल्या. "तीनशे जन लेतीन, तेस्मा मन्ही तापी मले कशी सापडी? एकच जाऊ दे. एक गई म्हंजे तिनीच लिधी, आसं तरी म्हनता येस."