कस्तुरीच्या हाताची मूठ

लंडनमधल्या ईलिंगच्या पुरुषोत्तम दांडेकरांना हात रिकामे ठेवणं कधी जमलंच नाही. उभा जन्म विमानांच्या दुरुस्तीत गेला. निवृत्तीनंतर ते शेडमध्ये शेजाऱ्यांचे टोस्टर खोलून बसू लागले. लेक कस्तुरी रीडिंग शहरात नोकरीला लागली आणि तिथल्या क्लबमध्ये एअर पिस्तुलाने नेमबाजी शिकू लागली, तेव्हा त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला.

त्यांनी तिच्यासाठी एक जुनं, गंजलेलं एअर पिस्तूल मिळवलं. गंज घासला, सील बदललं, पॉलिश करून असं चकचकीत केलं की त्यांच्या पत्नी लीलावतीबाई म्हणाल्या, "अहो, माझ्या भांड्यांना कधी असा हात लावलात का?" मूठ मात्र नवी, अक्रोडाच्या लाकडाची. मापासाठी त्यांनी कस्तुरीला कणकेचा गोळा घट्ट दाबायला लावला आणि ते ठसे बघत महिनाभर लाकडावर कानस चालवली. तिची करंगळी जरा वाकडी, म्हणून तिच्यासाठी वेगळी खोबण. मुठीच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असं, त्यांनी कोरलं, 'कस्तुरीसाठी, बाबा.' खाली सवयीने फोन नंबर.

मग दर रविवारी दुपारी तिचा फोन. "बाबा, ब्रिलियंट स्कोअर! तुमचा ग्रिप एकदम परफेक्ट आहे." ते ऐकून यांचा आठवडा मजेत जायचा.

गेल्या शनिवारी एका अनोळखी मुलीचा फोन आला. तिच्याकडच्या पिस्तुलाची मूठ हाताला बसत नव्हती. खोलली तर आत हा नंबर. आयुष्यात अशी मूठ त्यांनी एकच केली होती. कस्तुरीने मैत्रिणीला वापरायला दिलं असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

रविवारी सकाळी ती मुलगी, हॅना, पिस्तूल घेऊन आली.

"कस्तुरीने मला विकलं, सहा महिने झाले. तिला कंटाळा आला म्हणे, क्लबला येतच नाही आता." मग कोरलेल्या अक्षरांवर बोट ठेवून तिने विचारलं, "इथे काय लिहिलंय?"

"माझं नाव," पुरुषोत्तमराव म्हणाले.

त्यांनी तिला कणकेचा गोळा दाबायला दिला आणि संध्याकाळी यायला सांगितलं. कंटाळा आला तर यावा, त्याला काय बंदी आहे? पण सहा महिने, दर रविवारी, हसत हसत खोटं! परक्या माणसानेही इतकं बेमालूम फसवलं नसतं.

दुपारी ठरल्या वेळी फोन वाजला. पिस्तूल समोरच होतं.

"बाबा, गेस व्हॉट! आज माझा बेस्ट स्कोअर!"

"करंगळी दुखत नाही ना गं?"

"छे! तुमचा ग्रिप आहे ना."

"छान," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मूठ शिकंज्यात आवळली, कानस उचलली आणि सगळ्यात आधी करंगळीची खोबण घासून सपाट केली.