रंगनाथ मास्तरांनी बेलभंडारा उचलला नाही

रंगनाथ मास्तर आज सकाळी गेले. खरं सांगतो, ऐकून मला आधी हायसं वाटलं.

कोल्हारकडच्या मित्रांना मास्तर माहीत आहेत. बाकीच्यांसाठी सांगतो, आमच्या गावचे रिटायर्ड शिक्षक. देव मानायचे नाहीत.

मला या माणसाचा कायम डाऊट. देवाची भीती नाही, तर हा कुणाला भिऊन सरळ वागतो? काहीतरी काळंबेरं असणारच.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या हौसाकाकींनी तक्रार केली, की आम्ही हद्दीचा दगड त्यांच्या रानात सरकवला.

काकी एकट्या, विधवा. साक्षीदार एकच, मास्तर.

गाव खंडोबाच्या देवळात बसलं.

"मी डोळ्यांनी पाहिलंय, दगड हलवलाय," मास्तर म्हणाले.

"मग बेलभंडारा उचला अन् सांगा," गावकरी म्हणाले.

"नाही उचलणार. जे मानतच नाही त्याची शपथ घेतली, तर तेच खोटं होईल."

लोक हसले.

मग माझ्या वडिलांनी, तात्यांनी, बेलाचं पान आणि हळद हातात घेतली. "दगड हलला न्हाई. खोटं बोलत आसंल तर खंडोबा बघून घील."

मॅटर क्लोज.

दगड हलला होता. पहार माझ्याच हातात होती.

पुढे मी वाट बघत राहिलो. घरात कुणाला साधा ताप आला तरी वाटायचं, आता खंडोबा बघून घेतोय.

काहीच झालं नाही. तात्या म्हातारे होऊन, झोपेत, सुखाने गेले.

तेव्हापासून मला देवाचाही डाऊट यायला लागला.

गेल्या पोळ्याला मास्तरांना गाठलंच. "मास्तर, उचलला आसता भंडारा तर काय बिघडलं आसतं? काकीचं रान वाचलं आसतं."



"व्हय. चुकलंच माझं. मी माझा हट्ट सांभाळला, तिचं रान गेलं."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पण तू तर देव मानतोस. तू का गप्प बसलास रे?"

मी गाडीला किक मारली आणि निघून आलो.

आज ते गेले, म्हणजे पाहणारा माणूस संपला. म्हणून हायसं वाटलं. आणि मग माझीच मला किळस आली.

आत्ताच काकींकडे जाऊन आलो. सगळं सांगितलं.

त्या भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मला ठावं हुतं. तू कवा येतो, तेच बघत हुते."

उद्या दोघं मिळून दगड मूळ जागी बसवणार आहोत.

हे मी पापाला भिऊन करतोय, की बरोबर आहे म्हणून? मला माझाच भरवसा नाही, मास्तर. तुम्ही असता तर विचारलं असतं.

शेवटचा नमस्कार.