आत्याचा सुट्टीचा आठवडा

"कशी आहेस?" असं विचारलं की आत्या उलट विचारायची, "कुठल्या आठवड्यातली सांगू?" तीन आठवडे रोज एक गोळी आणि चौथ्या आठवड्यात गोळीला सुट्टी, असं तिचं चक्र होतं. सरकारी कचेरीत जन्म गेला, पण एवढी नियमित रजा कधी मिळाली नाही, असं ती म्हणे.

स्तनाचा कॅन्सर हाडांपर्यंत पोचलाय हे कळलं तेव्हा आम्ही हायच खाल्ली. सगळे नातेवाईक तिच्या नारायण पेठेतल्या घरी भेटून गेले. आत्यानेही मनाची तयारी करून साड्या वाटून टाकल्या. मग या नव्या गोळ्या सुरू झाल्या. केस गेले नाहीत, दुखणं थांबलं, आणि पुढच्या लग्नसराईत आत्या आमच्या दारात हजर. आईला दिलेली पैठणी तिला नेसायला हवी होती.

"नेसून झाली की परत देते, वहिनी. घाई असेल तर तसं सांगा."

आईला हसावं की रडावं कळेना. ती कपाटाकडे गेली.

डॉक्टर म्हणत, आजार बरा होणार नाही, पण आटोक्यात राहील. या दोन्हींच्या मध्ये कसं वागायचं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. तिला भाजीची पिशवी उचलू द्यायची का? "आता बऱ्या आहेत ना?" असं कुणी विचारलं तर हो म्हणायचं का? आत्याला मात्र एवढंच हवं होतं, की हातात किती वेळ आहे ते कुणीतरी सांगावं. मोतीबिंदूचं ऑपरेशन तिने त्या उत्तरासाठी अडवून धरलं होतं. डॉक्टर प्रामाणिकपणे सांगत, सांगता येत नाही. शेवटी तिने उत्तराची वाट न पाहता ते करून घेतलं. "असतील तेवढे दिवस स्वच्छ दिसू देत," म्हणाली.

काही वर्षांनी गोळी चालेनाशी झाली. तपासण्या करून दुसरी दिली, तीही काही महिने चालली. मग आत्या गेली. ती इतकी वर्षं लाभली म्हणून समाधान मानावं, तर तेही धड जमेना.

परवा स्वारगेटला ते डॉक्टर भेटले. आत्यासारख्या पेशंटसाठी आता आणखी एक औषध आलंय, काहींना चांगला गुण येतोय, असं त्यांनी मोठ्या उमेदीने सांगितलं. मला आनंद झाला, लगेच त्यांचा राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली. मी विचारलं, "कधी आलं?"

"दिवाळीनंतर," ते म्हणाले.

आत्या गेली ती त्याआधीच्या गणपतीत.